मटकीचं फडकं गरम का होतं?

प्रश्न : बाई, मी ४६ वर्षांची, पुण्यात एका पतसंस्थेत नोकरी करते. दोन महिन्यांपासून जाऊबाईंबरोबर रोज सकाळी पर्वती चढते. पहिल्या चाळीस पायऱ्यांतच माझी छाती भात्यासारखी हलायला लागते. जाऊबाई माझ्याहून पाच वर्षांनी मोठ्या, तरी गप्पा मारत वर पोचतात. डिसेंबरात ऑफिसचा ग्रुप कळसूबाईला जाणार आहे. एक सहकारी म्हणतात, ऑक्सिजनचा छोटा डबा मिळतो तो बरोबर घ्या आणि पाण्यातून ग्लुकोज पावडर घ्या. कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर लावून पाहिला, तर ९८ दाखवतो. ऑक्सिजन कमी नाही, तर मग दम का लागतो? पाळीत अलीकडे फार जातं, थकवा त्याचाच असेल असं घरचे म्हणतात. शिवाय तांदूळ निवडताना चार दाणे तोंडात टाकायची सवय लागली आहे, त्यानं काही होतं का? मुलगी अकरावी सायन्सला आहे. पेशी ऑक्सिजन वापरून साखरेतून ऊर्जा काढतात, असा धडा तिला आहे. ती म्हणते, ‘आई, तुझं उत्तर याच धड्यात आहे’. पण तीही तो नुसता पाठ करते. दोघींना कळेल असं सांगाल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, लेक बरोबर बोलली. उत्तर त्याच धड्यात आहे. तो धडा मी ज्युनियर कॉलेजात एकतीस वर्षं शिकवला, तेव्हा जरा सविस्तर लिहिणार आहे. पण त्याआधी एक काम सांगते. या आठवड्यात रक्त तपासून घ्या. सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी, आणि फेरिटिन, म्हणजे साठ्यातल्या लोहाचा अंदाज, एवढ्या दोनच तपासण्या. कशासाठी ते पुढे येईलच, पण मधेच कुकरची शिट्टी झाली आणि हे वाचायचं राहून गेलं, तरी एवढं लक्षात राहावं म्हणून आधी लिहिलं.

आता मटकी घेऊ. रात्रभर भिजलेली मटकी आपण सकाळी उपसतो, फडक्यात घट्ट बांधतो आणि डब्यात ठेवून देतो. दुसऱ्या दिवशी गाठ सोडून मटकीच्या मधोमध बोटं घातली की आत चक्क कोमट लागतं. कडेची मटकी गार, मधली उबदार. ‘ऊब धरली की मोड छान येतात,’ असं आपण म्हणतो. पण ही ऊब येते कुठून? फडकं काही तापत नाही, ते नुसती ऊब अडवून धरतं. ऊब मटकीचीच असते. दाण्यातल्या पिठाची साखर होते, ती साखर पेशी ऑक्सिजन वापरून मोडतात, निघालेल्या ऊर्जेतल्या काही भागावर मोड वाढतो आणि उरलेली ऊर्जा तुमच्या बोटांना कोमट लागते. हीच मटकी पाण्यातून उपसायची विसरली तर? मोड येत नाहीत, वर फेस धरतो, आंबूस वास येतो. पाण्याखाली दाण्यांना पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही आणि त्या पाण्यात जिवाणूंचं फावतं. एकच मटकी, एकच पाणी, फरक फक्त हवेचा. ऑक्सिश्वसन आणि विनॉक्सिश्वसन हे दोन जड शब्द मी वर्गात दरवर्षी मटकीच्या पुरचुंडीवरूनच सुरू करत असे.

पर्वती चढताना तुमच्या मांडीत चालतं ते हेच.

साखर चमच्यात घेऊन गॅसच्या ज्योतीवर धरली तर ती वितळते, करपते, पेटते. १८० ग्रॅम ग्लुकोज पूर्ण जळलं तर सुमारे ६८६ किलोकॅलरी ऊर्जा बाहेर पडते. तेवढंच ग्लुकोज शरीरात पूर्ण मोडलं तरी ऊर्जा तेवढीच निघते, एक कॅलरी कमी नाही की जास्त नाही. श्वसन म्हणजे संथ ज्वलन, हे फ्रान्समधल्या लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८३ मध्ये मांडलं. त्यासाठी त्यांनी गिनीपिगला बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवलं आणि त्याच्या अंगच्या उबेनं किती बर्फ वितळतो ते मोजलं. फरक आहे तो रीतीत. तुम्ही पर्वतीच्या माथ्यावरून थेट खाली उडी घेतली तर हाडं मोडतील. १०३ पायऱ्या उतरून आलात तर खाली तेवढंच याल, पण सुखरूप, आणि हातातली पिशवीही शाबूत राहील. ज्योतीतली साखर उडी मारते. पेशीतली साखर पायऱ्या उतरते, आणि प्रत्येक पायरीवर पेशी थोडी थोडी ऊर्जा काढून घेते.

या पायऱ्यांचे तीन टप्पे आहेत. हा भाग लेकीला वाचायला द्या.

पहिला टप्पा पेशीद्रवात. ग्लुकोजमध्ये सहा कार्बन असतात. त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात, त्यांना पायरुविक आम्ल म्हणतात. इथे ऑक्सिजन लागतच नाही. निव्वळ कमाई एटीपीचे, म्हणजे पेशी खर्चते त्या ऊर्जेच्या नाण्यांचे, दोन रेणू. काम झटपट होतं, पण पदरात फार थोडं पडतं.

दुसरा टप्पा तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात. आत शिरताना पायरुविक आम्लातला एक कार्बन सुटतो, उरलेले दोन क्रेब चक्रात जातात आणि फिरता फिरता तेही कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातात. परवा खाल्लेल्या भाकरीतला कार्बन आज पर्वतीवर तुमच्या नाका-तोंडातून बाहेर पडतोय, असं अक्षरशः म्हणता येईल. पण या टप्प्यातली खरी कमाई कार्बन डायऑक्साइड नव्हे आणि एटीपीही नव्हे. साखरेतला हायड्रोजन, म्हणजे त्याचे ऊर्जाभरले इलेक्ट्रॉन, एनएडी आणि एफएडी नावाच्या दोन वाहकांच्या पाठीवर लादले जातात, ती खरी कमाई. हे वाहक ब जीवनसत्त्वांपासून बनतात. बी-३ पासून एनएडी, बी-२ पासून एफएडी. जीवनसत्त्वांच्या धड्यात ही नावं तिनं पाठ केली असतील. ती पेशीत कुठे कामाला येतात ते इथे दिसतं.

हे चक्र शोधणारे हान्स क्रेब्ज ज्यू होते. १९३३ मध्ये त्यांना जर्मनी सोडावी लागली. पुढे इंग्लंडमध्ये शेफील्डला त्यांनी कबुतराच्या छातीचे स्नायू वाटून त्यावर प्रयोग केले. कबुतरच का? दिवसभर पंख मारणारा तो स्नायू प्रचंड ऑक्सिजन वापरतो, त्यामुळे मोजमाप नीट करता येतं. १९३७ मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकाला पाठवला. आमच्याकडे आधीच पुष्कळ मजकूर साठला आहे, असं कळवून त्यांनी तो परत केला. मग तो दुसऱ्या नियतकालिकात छापून आला. १९५३ मध्ये क्रेब्ज यांना नोबेल मिळालं. चक्रातल्या आम्लांची नावं तोंडपाठ होत नाहीत म्हणून रडवेल्या झालेल्या मुलींना मी ही हकीकत मुद्दाम सांगायची. नावं आपोआप पाठ होतात असं नाही, पण त्या नावांमागे एक माणूस उभा दिसला की धड्याची भीती जरा कमी होते.

तिसऱ्या टप्प्यात ऑक्सिजन येतो. इथे मात्र सावकाश वाचायला सांगा, कारण सगळं मर्म इथे आहे. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात प्रथिनांची एक रांग बसवलेली असते. तिला इलेक्ट्रॉन वहन साखळी म्हणतात. वाहकांनी आणलेले इलेक्ट्रॉन या रांगेतून हातोहात खाली उतरत जातात. सगळ्यात खालच्या पायरीवर ऑक्सिजन उभा असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो, सोबत हायड्रोजन घेतो आणि त्याचं पाणी होतं. बस्स, ऑक्सिजनचं काम एवढंच. आपण घेतलेल्या ऑक्सिजनचाच कार्बन डायऑक्साइड होतो असं बहुतेकांना वाटतं, पुष्कळ शिक्षकही तसंच सांगतात. तसं नाही. घेतलेल्या ऑक्सिजनचं पाणी होतं. कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन साखरेतून आणि पेशीतल्या पाण्यातून आलेला असतो. शेवटच्या पायरीवर इलेक्ट्रॉन उचलून घ्यायला कोणी नसेल तर वरपर्यंत सगळी रांग तुंबते. एकादशीला देवळातली बारी पुढून थांबली की मागे महाद्वारापर्यंत थांबते, तशी. वाहक भरलेलेच राहतात, क्रेब चक्र अडतं, आणि पेशीकडे उरतो तो पहिला टप्पा, दोन एटीपीवाला.

इलेक्ट्रॉन उतरताना जी ऊर्जा सुटते तिच्या जोरावर प्रोटॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले हायड्रोजन, पडद्याच्या पलीकडे ढकलले जातात. पलीकडे ते दाटतात, धरणात पाणी दाटावं तसे. मग परतीची मुख्य वाट एकच, ती एका प्रथिनाच्या पोटातून. प्रोटॉन त्यातून आत येतात तेव्हा ते प्रथिन गरगर फिरतं आणि त्या फिरण्यातून एटीपी तयार होतं. कोयनेला पाणी जसं चक्र फिरवतं, तसंच. हे प्रथिन खरोखर फिरतं. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी त्याला एक चमकणारा तंतू चिकटवला आणि तो गोल फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. प्रोटॉनची ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली, तेव्हा कितीतरी वर्षं कोणी ती मानायला तयार नव्हतं. १९७८ मध्ये त्यांना त्याच कामाबद्दल नोबेल मिळालं.

एटीपीला पुस्तकात ‘ऊर्जेचं चलन’ म्हणतात, ते अगदी योग्य आहे. स्नायू आकसताना, मेंदूतला संदेश जाताना, मूत्रपिंडात मीठ परत शोषून घेताना, सगळीकडे हीच नाणी मोजावी लागतात. ती साठवून ठेवता येत नाहीत. शरीरात एका वेळी अगदी थोडं एटीपी असतं, पण तेच पुन्हा पुन्हा तयार होतं, इतक्या वेळा की दिवसभरातली बेरीज आपल्या वजनाच्या आसपास जाते. १९२९ मध्ये एटीपी शोधणाऱ्यांत आपले एक होते, आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्याबरोबर त्यांनी ते वेगळं केलं. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही ते शोधलं. लेकीला हे नाव जरूर सांगा.

एका ग्लुकोजमागे एटीपी किती, ३८ की ३२? जुन्या हिशेबानं ३६ किंवा ३८. आता मोजमाप सुधारलं आहे. पडद्यातून थोडे प्रोटॉन झिरपतात, तयार एटीपी बाहेर नेण्यातही थोडी ऊर्जा खर्च होते, हे सगळं धरून आकडा ३० ते ३२ येतो. परीक्षेत तिनं पाठ्यपुस्तकात छापलेला आकडाच लिहावा, तिथे वाद घालू नये. पण दोन आणि तीस यांतला फरक तिला कळला, तर धडा कळला.

आता तुमचा दम. पहिली पायरी चढताना मांडीला एकदम जास्त एटीपी लागतं. हाताशी असलेलं एटीपी काही सेकंदांत संपतं, क्रिएटिन फॉस्फेटची शिल्लक आणखी दहाएक सेकंद पुरते. हृदय आणि फुप्फुसं वेग धरून मांडीला पुरेसा ऑक्सिजन पोचवेपर्यंत दोन-तीन मिनिटं जातात. मधल्या काळात बरंचसं ओझं पहिल्या टप्प्यावर पडतं, लॅक्टिक आम्ल तयार होतं, रक्ताची आम्लता किंचित वाढते, कार्बन डायऑक्साइडही वाढतो. आणि छातीचा भाता जोरात चालवण्यात मोठा वाटा असतो तो या कार्बन डायऑक्साइडचा आणि या आम्लतेचा, ऑक्सिजनच्या टंचाईचा नव्हे. मेंदू या दोन्हींवर सतत लक्ष ठेवून असतो. म्हणून पहिल्या चाळीस पायऱ्यांत थोडा दम लागणं निरोग्यालाही चुकत नाही. पण तुमच्या दोघींची सुरुवात एकाच पायरीवरून होते आणि जाऊबाई बोलू शकतात, तुम्ही नाही, तेही दोन महिने रोज चढून. तिथे मी थांबले आणि तुमचं पत्र पुन्हा वाचलं.

पाळीत फार जातं. थकवा. आणि कच्चे तांदूळ तोंडात टाकायची सवय. तांदळाचं तुम्ही जाता जाता विचारलंत, मला मात्र पत्रातलं तेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तांदूळ, माती, पाटीवरची पेन्सिल, बर्फ असलं काही चावावंसं वाटणं ही शरीरातलं लोह कमी झाल्याची जुनी, ओळखीची खूण आहे. प्रत्येक वेळी कारण तेच असतं असं नाही, पण पाळीच्या तक्रारीबरोबर ही खूण दिसली तर तपासणी टाळायची नाही.

मग ऑक्सिमीटर ९८ कसा दाखवतो? असं समजा, स्वारगेटहून एसटी सुटते आणि तिच्यातल्या शंभरातल्या ९८ सीट भरलेल्या आहेत. ऑक्सिमीटर एवढंच सांगतो, सीट किती भरल्या. दिवसाला गाड्या किती सुटतात ते तो सांगत नाही. रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारं, लोह असलेलं हिमोग्लोबिन म्हणजे गाड्या. त्या निम्म्यावर आल्या तरी आहेत त्या गाड्या भरूनच जातील, बोटावर ९८ च दिसेल, आणि मांडीत मात्र प्रवासी निम्मेच उतरतील. रक्तक्षय असलेल्या बाईचा ऑक्सिमीटर बहुधा अगदी निर्धास्त आकडा दाखवतो. कोविडनंतर घरोघरी हे यंत्र आलं, पण त्याची ही मर्यादा कोणी नीट सांगितली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

लोहाची गोष्ट इथेच संपत नाही. मघाची तिसऱ्या टप्प्यातली रांग आठवा. त्या रांगेतल्या बऱ्याच प्रथिनांत इलेक्ट्रॉन हातात धरतो तो लोहाचाच अणू. म्हणजे ऑक्सिजन मांडीपर्यंत आणायला लोह लागतं आणि तिथे पोचल्यावर तो वापरायलाही लोह लागतं. सायनाइड नेमकं याच रांगेतल्या शेवटच्या प्रथिनातल्या लोहाला जाऊन चिकटतं. रक्तात ऑक्सिजन भरपूर असूनही माणूस गुदमरून जातो, कारण पेशीला तो वापरताच येत नाही. तुमच्या ‘ऑक्सिजन कमी नाही, तर मग दम का?’ या प्रश्नाचं उत्तर हेच. हवेत ऑक्सिजन असणं, रक्तात असणं आणि पेशीनं तो वापरणं, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे मी एवढ्या तळमळीनं लिहिते त्याला कारण आहे. माझ्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी फळ्यावर हीच इलेक्ट्रॉन साखळी काढायची आणि दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात पोचले की पाच मिनिटं टेबलाला टेकून उभी राहायची. एका ठिकाणी दाखवलं, तर ‘वय होतंय, धावपळ कमी करा’ म्हणून परत पाठवलं. रक्त तपासायला कोणी सांगितलं नाही आणि माझ्याही मनात आलं नाही. वर्षभरानं दुसऱ्याच कारणासाठी तपासणी झाली तेव्हा हिमोग्लोबिन ७.८ निघालं. गोळ्या सुरू केल्यावर दोन महिन्यांनी जिना चढून मी थेट शिकवायला सुरुवात केली, तो दिवस अजून आठवतो. पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं होतं, ‘बाई, आज बसला नाहीत?’ ते वर्ष फुकट गेलं याची हळहळ अजून वाटते. तुमचं जाऊ नये.

गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय मानतात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये तो आढळला, तेव्हा हे तुमच्या एकटीचं दुखणं समजू नका. फेरिटिन वेगळं तपासायचं, कारण हिमोग्लोबिन घसरण्याआधी साठ्यातलं लोह संपतं आणि ते फेरिटिनमध्ये दिसतं. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा आणि गोळी त्यांनी सांगितलेलीच घ्या, शेजारणीची नको. बी-१२ आणि थायरॉइड तपासायचं का तेही विचारून घ्या. गोळ्यांनी शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. हिमोग्लोबिन सुधारलं तरी साठा भरेपर्यंत गोळ्या पुढे काही महिने चालू ठेवायला सांगतात, त्या मधेच सोडू नका. जेवणाला लागून चहा नको, तासाभराचं अंतर ठेवा. चहा लोह शोषू देत नाही. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळा. भाजी लोखंडी कढईत करा. पण एक लक्षात घ्या, गळती चालू असताना टाकी भरत नाही. या वयात पाळीत जास्त जाण्याला गाठीसारखी कारणं असू शकतात, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन तेही बघून घ्या. ‘या वयात असं होतंच’ एवढ्या उत्तरावर परत येऊ नका.

छातीत दुखत असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, रात्री दम लागून उठावं लागत असेल, पायांवर सूज असेल किंवा चढताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर मात्र रिपोर्टची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

ऑक्सिजनचा डबा घेऊ नका. चढताना माणूस मिनिटाला चाळीस लिटर हवा सहज आत घेतो. डबा दहा लिटरचा धरला तरी तो पंधरा सेकंदांचा माल झाला. आणि तुमच्या गाड्यांमध्ये सीट आधीच ९८ टक्के भरलेल्या आहेत, नवे प्रवासी बसवणार कुठे? आपण उच्छ्वासातून सोडतो त्या हवेतही सुमारे १६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो, आत घेतलेल्या हवेत २१ टक्के असतो. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. तिथे हवा थोडी विरळ असते, पण निरोगी माणसाला डबा लागावा इतकी नाही.

ग्लुकोजचंही तसंच. पर्वतीच्या अर्ध्या तासाला बाहेरून साखर लागत नाही. स्नायूंत आणि यकृतात मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन साठवलेलं असतं, ते तेवढ्यासाठी भरपूर झालं. कळसूबाईला तीन-चार तास चढायचं असेल तर पोळीचा गुळाचा रोल, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू न्या. तुमच्या बाबतीत साखर कमी पडत नाही, ती मोडणारी व्यवस्था कमी पडते.

आणि ती व्यवस्था वाढवता येते, हे मला या धड्यातलं सगळ्यात आनंदाचं ज्ञान वाटतं. अमेरिकेत जॉन होलोझी यांनी उंदरांना तीन महिने चालत्या पट्ट्यावर पळवलं आणि १९६७ मध्ये दाखवून दिलं, की त्यांच्या पायाच्या स्नायूंतल्या तंतुकणिकांची ऑक्सिजन वापरण्याची क्षमता जवळपास दुप्पट झाली. माणसातही तेच होतं. मांसाहार करत असाल तर घरात पाहिलं असेल, कोंबडीची छाती पांढरट आणि तंगडी काळपट. कोंबडी चालते, उडत नाही. कामाच्या स्नायूत ऑक्सिजन धरून ठेवणारं लोहयुक्त प्रथिन जास्त, तंतुकणिकाही जास्त. उडणाऱ्या कबुतराची छाती मात्र गडद लाल असते. जाऊबाईंच्या मांडीत हे काम बहुधा पुष्कळ वर्षांपूर्वीच झालेलं आहे.

रिपोर्ट येईपर्यंत पायऱ्या थांबवा, सपाटीवर चाला. डॉक्टरांनी हो म्हटलं की पुन्हा पर्वती, पण वेगळ्या रीतीनं. आधी खाली दहा मिनिटं सपाट चालायचं, म्हणजे पहिल्या पायरीला पाय लागेपर्यंत हृदय आणि स्नायूंतल्या रक्तवाहिन्या जाग्या झालेल्या असतील. मग इतक्या सावकाश चढायचं, की जाऊबाईंशी पूर्ण वाक्य बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. बोलणं तुटायला लागलं तर थांबायचं नाही, वेग उतरवायचा. आठवड्यातून पाच दिवस. दीड-दोन महिन्यांत फरक कळायला लागतो. उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या धरल्या तर त्याला लॅक्टिक आम्ल जबाबदार नाही. ते तासा-दोन तासांत वापरलं गेलेलं असतं. उतरताना स्नायू ताणले जातात, त्यांत बारीक इजा होते, ते दुखणं असतं आणि ते भरून येतं. कळसूबाईचं नाव मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नोंदवू नका. डोंगर पुढच्या हिवाळ्यातही तिथेच असेल.

लेकीसाठी एक प्रयोग. मूठभर भिजवलेल्या मटकीला मोड येऊ लागले की ती एका थर्मासमध्ये भरा. दुसऱ्या थर्मासमध्ये तेवढीच मटकी उकडून, पूर्ण गार करून घाला. दोन्हींत थर्मामीटर खोचून तोंडाला सैलसा कापूस लावा, बूच नको, हवा जायला हवी. ताप बघायचा थर्मामीटर चालणार नाही, त्याचे आकडे फार वरून सुरू होतात. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला मागून आणा. दर चार तासांनी आकडा लिहायचा, पण एका दिवसापेक्षा जास्त ठेवायचं नाही, नाही तर उकडलेली मटकी नासून तीही तापायला लागेल. तेव्हा ऊब मटकीची नसते, तिच्यावर वाढणाऱ्या जिवाणूंची असते. श्वसन तेच, करणारे दुसरे. हे असं का, ते तिलाच ओळखू द्या.

तिच्या पेशींतल्या सगळ्या तंतुकणिका तुमच्याकडून आल्या आहेत बरं का. वडिलांच्या नाही, फक्त आईच्या येतात. तुमच्याकडे तुमच्या आईच्या आल्या. वही घेऊन ती थर्मासपाशी बसेल तेव्हा हेही तिला सांगा.

आणि मला दोन्ही आकडे कळवा, तिच्या थर्मामीटरचा आणि तुमच्या हिमोग्लोबिनचा.